शब्द देणे

मराठीत 'शब्द देणे' याचा अर्थ वचन देणे असा होतो. सावकार शब्द देतो, सोयरा शब्द देतो, निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार तर मुक्तहस्ताने देतो. दिलेला शब्द पाळावा लागतो. पाळला नाही तर तो मोडतो. एखाद्यासाठी कोणी शब्द टाकतो, आणि ज्याच्याकडे टाकला तो भला असेल तर तो शब्द खाली पडू देत नाही. या सगळ्या बोलण्यात शब्द ही नुसती उच्चारलेली खूण नसते. तिच्यामागे बोलणाऱ्याची पत उभी असते.

आता दुसऱ्या एका शब्द देणाऱ्याचा विचार करू. शाळेत इंग्रजीचा तास चालू आहे. धडा वाचण्यापूर्वी मास्तर फळ्यावर दहा शब्द लिहितात. प्रत्येकापुढे बरोबरीची खूण आणि खुणेपुढे मराठी अर्थ. मुले ते वहीत उतरवून घेतात. उद्या पाठ करून यायचे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात कोणत्याही दिवशी चालणारा हा प्रकार इतका निरुपद्रवी दिसतो की, त्यात काही नैतिक प्रश्न दडला असेल अशी शंकाही कोणाला येऊ नये. तथापि तसा प्रश्न आहे. इंग्रजीतले शब्द मोठ्या कोशांतून लाखांनी मोजले जातात. मुलाच्या वाट्याला त्यांतले हजार-दोन हजार येतात. ते कोणते असावेत हे मूल ठरवीत नाही, त्याचे आईबापही ठरवीत नाहीत. परक्या भाषेत हे मूल उद्या काय म्हणू शकेल आणि काय म्हणू शकणार नाही, हे कोणी तिसऱ्यानेच ठरवून ठेवलेले असते. दुसऱ्याच्या तोंडी कोणते शब्द घालावेत हे ठरविण्याचा अधिकार कोणाला, आणि तो अधिकार वापरणाऱ्याच्या डोक्यावर कोणते ऋण चढते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

२

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे. इंग्रजी शिकणे म्हणजे थोडे व्याकरण, बरेचसे भाषांतर आणि मग थेट मोठमोठे ग्रंथ. ग्रंथात जो शब्द भेटेल तो शिकायचा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. जे टिकले त्यांचे इंग्रजी उत्तम झाले. जे गळाले त्यांची गणती कोणी ठेवली नाही.

या गळालेल्यांचा विचार ज्यांनी मन लावून केला त्यांत मायकेल वेस्ट यांचे नाव अगत्याने घ्यावे लागेल. हे गृहस्थ भारतीय शिक्षण सेवेत होते आणि ढाक्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य होते. बंगालमधल्या द्वैभाषिकतेवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी शिकू लागणाऱ्या बंगाली मुलांपैकी फार थोडी शेवटपर्यंत जातात, बाकीची वाटेतच शाळा सोडतात, हे त्यांनी पाहिले. अभ्यासक्रम मात्र शेवटपर्यंत जाणाऱ्यांसाठीच आखलेला. मग वाटेत उतरणाऱ्याच्या हाती काय राहिले? येथे वेस्ट यांनी विम्याच्या धंद्यातला एक शब्द उसना घेतला : सरेंडर व्हॅल्यू. विमा मुदतीपूर्वी मोडला तर भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात काही रक्कम परत मिळते, ती सरेंडर व्हॅल्यू. शिक्षणालाही अशी किंमत असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मुलाने शाळा कोणत्याही टप्प्यावर सोडली तरी त्या टप्प्यापर्यंत केलेल्या कष्टांचे काही मोल त्याच्या पदरात पडावे. जो जिना अर्धाच चढणार आहे त्याला अर्ध्यावरही उभे राहायला जागा हवी.

या एका विचारातून पुढचे सारे आले. मोल लवकर पदरात पडायचे तर जे शब्द वारंवार भेटतात ते आधी शिकवले पाहिजेत. ते कोणते हे ठरवायचे तर मोजणी हवी. अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी १९२१ साली अशा मोजणीतून १०,००० शब्दांची यादी छापली होती. जपानात हॅरल्ड पामर याच कामाला लागले होते. १९३४ साली न्यूयॉर्कला ही मंडळी एकत्र बसली, १९३६ मध्ये त्यांचा अहवाल निघाला, आणि त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती वेस्ट यांनी १९५३ साली 'जनरल सर्व्हिस लिस्ट' या नावाने प्रसिद्ध केली. सुमारे २,००० शब्द. आणि प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो, याचाही हिशेब. संगणकाचा वाराही न लागलेल्या काळात, हाताने केलेल्या मोजणीवर उभी राहिलेली ही यादी पुढे कित्येक देशांतल्या क्रमिक पुस्तकांचा कणा होऊन बसली.

या यादीमागचे गणित मोठे मोहक आहे. एका मूळ शब्दाची सगळी रूपे एकत्र धरून त्याला एक शब्दकुटुंब म्हटले, तर अशी पहिली २,००० कुटुंबे सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापतात. लाखांच्या गर्दीत दोन हजारांनी एवढे राज्य करावे! ज्याच्या हाती दिवस थोडे आहेत, त्याला आधी या दोन हजारांची ओळख करून देणे यात शहाणपण आहे आणि न्यायही आहे. 'बिचाऱ्यांना चारच शब्द येतात' म्हणून याद्यांना नाक मुरडणारे बहुधा असे असतात की, ज्यांच्या घरी कपाटभर इंग्रजी पुस्तके होती. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजीला माउली म्हणणारी कविता आहे. ज्यांना संस्कृतच्या उंबऱ्यावर शतकानुशतके थांबवून ठेवले गेले, त्यांना परक्या भाषेचे दार उघडे दिसले यात नवल ते काय? त्या दारातून आत येणाऱ्याच्या हातात आधी काय ठेवावे, याचा विचार करणारी यादी क्षुद्र नव्हे. ती एका परीने करुणेतून निघाली आहे.

३

पण करुणेतून निघालेल्या गोष्टीलाही तपासावे लागते. पहिली अडचण त्या ८० टक्क्यांतच आहे. ८० टक्के शब्द येतात याचा अर्थ दर पाचवा शब्द येत नाही. ओळीतला दर पाचवा शब्द पुसून टाकून आपलेच वर्तमानपत्र वाचायला घ्यावे, म्हणजे या स्थितीची कल्पना येईल. शिवाय जे पुसले जातात ते 'आणि', 'पण', 'होता' नव्हेत. बातमीचा जीव ज्यांत असतो तेच शब्द नेमके पुसले जातात. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे कादंबरी किंवा वृत्तपत्र कोणाच्या मदतीवाचून वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे लागतात. कारण १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे असल्याखेरीज वाचन सुखाने पुढे सरकत नाही. अर्ध्या जिन्यावरची ती जागा आपण समजतो त्याहून बरीच खाली आहे, असा याचा अर्थ.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. कोणता शब्द वारंवार येतो हे मोजायचे तर कुठे येतो हे आधी ठरवावे लागते. थॉर्नडाइक यांनी मोजणीसाठी घेतले ते बायबल, इंग्रजी अभिजात ग्रंथ, मुलांची पुस्तके, वर्तमानपत्रे, पत्रव्यवहार असे साहित्य. त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. पण लंडन-न्यूयॉर्कच्या छापील मजकुरात म्हैस कितीदा येणार? भाकरी, विहीर, उसाचा फड, पावसाने दिलेली ओढ हे कितीदा येणार? म्हसवडच्या मुलाच्या दिवसात जे पावलोपावली भेटते ते यादीत दुर्मिळ ठरते, आणि त्याने जन्मात पाहिले नाही ते यादीत अग्रभागी बसते. परिणामी परक्या भाषेत त्याला परक्याचे घर सांगता येते, स्वतःचे सांगता येत नाही. आकडा निःपक्षपाती असतो हे खरे; पण आकड्याला काय मोजायला बसवायचे हे माणूस ठरवतो, आणि आकडा पुढे आला की मागचा माणूस दिसेनासा होतो.

तिसरी गोष्ट अशी की, वारंवारता निराळी आणि वजन निराळे. 'गॅरंटर' हा शब्द हजारो पानांत एखाद्या वेळी येईल. पण ज्या कागदावर तो येतो त्यावर सही केली की माणसाची जमीन जाऊ शकते. 'एक्स्पायरी' हा शब्द गोष्टीच्या पुस्तकात भेटायचा नाही. औषधाच्या बाटलीवर तो भेटतो आणि तिथे तो न कळणे महाग पडते. जिथे माणूस बांधला जातो, फसवला जातो किंवा वाचतो, तिथले शब्द बहुधा विरळ असतात. सरेंडर व्हॅल्यूचा विचार प्रामाणिकपणे शेवटास न्यायचा तर आठवीतून शाळा सोडणाऱ्या मुलाला वारंवार येणाऱ्या शब्दांबरोबर हे विरळ पण वजनदार शब्दही द्यावे लागतील.

वेस्ट यांना केवळ मोजणी पुरत नाही हे ठाऊक होते. शब्द शिकायला सोपा की अवघड, त्याच्यावाचून अडते का, एकाच शब्दात अनेकांचे काम भागते का, अशा आणखी कसोट्या त्यांनी लावल्या. त्यांतली एक मोठी विचार करायला लावणारी आहे. परकीय विद्यार्थी इंग्रजी शिकतो तो प्रथमतः विचार व्यक्त करण्यासाठी, भावना व्यक्त करण्यासाठी नव्हे. म्हणून भावनेची तीव्रता दाखविणाऱ्या शब्दांना यादीत मागे ठेवावे, असे त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता हे समंजसपणाचे वाटते. भावनांसाठी ज्याची त्याची मायबोली आहेच की.

परंतु भाषांची अशी वाटणी केली की दोन्ही घरांचे नुकसान होते. विचार एका भाषेत आणि भावना दुसरीत असे ठरले, तर मायबोलीला हळूहळू विचाराची सवय राहत नाही. ती ओव्यांची, भांडणांची आणि श्रद्धांजलींची भाषा होऊन बसते. आपल्याकडे पदार्थविज्ञानापासून अर्थकारणापर्यंत गंभीर बोलणे निघाले की माणूस नकळत इंग्रजीकडे वळतो, ही गोष्ट काही आकाशातून पडली नाही. आणि गंमत अशी की, भावनेनेही ही वाटणी पाळली नाही. आज मराठी घरातला मुलगा आईला 'चुकलो' म्हणणार नाही, 'सॉरी' म्हणेल. प्रेमाची कबुली तर बहुतेक इंग्रजीतच होते. याचे कारण त्या शब्दांत जास्त भावना असते असे नाही. उलट ती कमी असते म्हणूनच ते उच्चारायला सोपे जातात. 'चुकलो' या शब्दामागे बापाची नजर आहे, देवापुढे धरलेले कान आहेत, पिढ्यांचा संकोच आहे. 'सॉरी'च्या मागे कोणी उभे नाही. परका शब्द हलका असतो, कारण त्याच्यावर आपल्या माणसांचा भार नसतो. हे लाभाचे की हानीचे, हे एका वाक्यात सांगणे कठीण आहे. जातीवरून ज्याला मराठीतून हजारदा हिणवले गेले त्याला तो हलकेपणा मुक्तीसारखाही वाटू शकतो.

सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांचे 'बेसिक इंग्लिश' मांडले; त्यात क्रियापदे अवघी अठरा. थोडक्यात पुष्कळ साधण्याचा तो अतिशय बुद्धिमान प्रयत्न होता. पण शब्द कमी केले म्हणजे शिकायचे ओझे तेवढेच कमी होते असे नाही. 'पुट', 'अप', 'विथ' हे तिन्ही शब्द ज्याला येतात त्याला तिन्हींचा मिळून 'सहन करणे' असा अर्थ कसा कळावा? काटकसर यादीत दिसते. तिची भरपाई विद्यार्थी करतो. पुढे जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४९ सालच्या आपल्या कादंबरीत अशा राजसत्तेचे चित्र रंगविले, जी वर्षागणिक कोशातून शब्द काढून टाकते, अशासाठी की बंडाचा विचार करायला शब्दच उरू नये. ऑग्डेन किंवा वेस्ट यांचा हेतू याच्या नेमका उलट होता, आणि त्यांना त्या पंक्तीला बसविणे अन्यायाचे होईल. तरी एक गोष्ट शिल्लक राहतेच : आरंभ म्हणून दिलेली यादी आणि कुंपण म्हणून दिलेली यादी छापल्यावर अगदी सारखी दिसते. फरक असतो तो देणाऱ्याच्या मनात, आणि पुढच्या वर्षी तो काय करतो त्यात.

४

शब्द कोणते द्यावेत हे ठरले असे धरून चालू. ते द्यायचे कसे? बरोबरीची खूण मांडून दिला की शब्द दिला गेला काय?

'काइंड' म्हणजे दयाळू, असे मुलाने पाठ केले. पुढल्याच धड्यात 'व्हॉट काइंड ऑफ' अशी शब्दयोजना आली, आणि दयाळूपणाचा तिथे काही संबंध लागेना. 'अंकल' म्हणजे काका. मग मामाचे काय करायचे? 'यू' म्हणजे तू, तुम्ही आणि आपण. तेव्हा हेडमास्तर आणि कुत्रा यांना एकाच शब्दाने हाक मारायची हे मुलाच्या जिवावर येते. बरोबरीची खूण गणितात खरी असते. दोन भाषांच्या मध्ये ती घातली की ती नेहमी थोडे खोटे बोलते.

अर्थ नेमका कसा कळतो, या प्रश्नावर आपल्याकडे फार पूर्वी फार बारकाईने विचार झाला आहे, आणि इंग्रजीच्या अध्यापनावर बोलताना त्याची आठवण कोणी काढीत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. नैयायिकांनी शब्दाची शक्ती कळण्याचे आठ मार्ग सांगितले : व्याकरण, उपमान, कोश, विश्वासू माणसाचे सांगणे, वडीलधाऱ्यांचा व्यवहार, वाक्याचा उरलेला भाग, विवरण आणि ओळखीच्या शब्दांचा शेजार. मास्तरांची बरोबरीची खूण ही यांतल्या कोशात बसते. म्हणजे आठांतला एक मार्ग तेवढा आपण वापरतो आणि सात सोडून देतो. मीमांसकांनी तर लहान मुलाचेच उदाहरण घेतले. एक वडील माणूस दुसऱ्याला म्हणतो, 'गाय आण'. तो गाय आणतो. मग म्हणतो, 'गाय बांध', तो बांधतो. मग 'घोडा आण'. मूल बाजूला उभे राहून पाहत असते. कोणता शब्द बदलला की कोणती गोष्ट बदलते, हे पाहत पाहत ते गाय, घोडा, आणणे, बांधणे हे सगळे वेगळे करते. प्रभाकराच्या अनुयायांनी यावरून असे मत मांडले की, शब्दाचा अर्थ सुटा कळतच नाही; तो वाक्यातल्या इतरांशी जोडलेलाच कळतो. कुमारिलाच्या अनुयायांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते आधी सुटे अर्थ कळतात आणि मग त्यांचा अन्वय लागतो. शब्दांची यादी पाठ करून घेणारा शिक्षक आणि वाक्यांतूनच शब्द शिकवा म्हणणारा शिक्षक आज जो वाद घालतात, त्याची मुळे इतकी जुनी आहेत.

पश्चिमेतही हा विचार झाला. मोठी माणसे वस्तूकडे बोट दाखवून नाव घेतात आणि मूल शिकते, असे संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात लिहिले होते. बोट दाखविल्याने काय दाखविले जाते, वस्तू की तिचा रंग की तिची संख्या, असा प्रश्न विट्गेन्स्टाइन यांनी उपस्थित केला आणि शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात शोधला. त्यांचे हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५३ साली निघाले. वेस्ट यांची यादी निघाली तेच वर्ष. एकाच वर्षी एकाने शब्द मोजून दिले आणि दुसऱ्याने शब्द मोजता येण्यासारखी वस्तू आहे काय अशी शंका घेतली.

नैयायिकांचा आठवा मार्ग, ओळखीच्या शब्दांचा शेजार, येथे विशेष उपयोगाचा आहे. त्यांचे उदाहरण असे : आंब्याच्या झाडावर पिक गोड आवाजात गात आहे. ज्याला 'पिक' हा शब्द ठाऊक नाही त्यालाही आंबा, झाड, गोड आणि गाणे ठाऊक असल्याने तो कोकीळ असावा हे कळते. शंभरांत ९८ शब्द ओळखीचे हवेत, या आजच्या हिशेबाचे मर्म हेच नव्हे काय? एक अनोळखी माणूस ओळखीच्या आळीत आला तर शेजारीपाजारी त्याची ओळख करून देतात. दर पाचवे घर अनोळखी असेल तर विचारायचे कोणाला? कठीण पुस्तक मुलाच्या हाती देऊन 'संदर्भाने अर्थ लाव' म्हणणे, हे न पोहणाऱ्याला डोहात ढकलून 'पाणी तुला उचलून धरील' म्हणण्यासारखे आहे. त्या स्थितीत मायबोलीतला अर्थ पटकन सांगून टाकणे हेच दयेचे काम. इंग्रजीच्या तासाला मराठीचा विटाळ नको, असा एक कडक पंथ आपल्याकडे होता आणि आहे. त्याने मुलाचे रिकामे हात पाहिले, भरलेले हात पाहिले नाहीत. मुलाच्या हातात एक संपूर्ण भाषा असते; ती खाली ठेवून ये म्हणणे हे अध्यापनदृष्ट्या तोट्याचे आहे आणि माणुसकीच्या दृष्टीने अपमानाचे. बरोबरीची खूण खोटे बोलते हे खरे. पण 'हा अर्थ सध्यापुरता, पुढे यात भर पडेल' एवढे मास्तरांनी म्हटले की ती खूण पुन्हा प्रामाणिक होते.

'पिक' या शब्दाची आणखी एक हकीकत आहे. शबरस्वामींनी आपल्या भाष्यात हा शब्द म्लेंच्छांच्या भाषेतला म्हणून घेतला आहे, आणि अशा शब्दांचा अर्थ कसा लावावा अशी चर्चा केली आहे. संस्कृत धातूंवरून व्युत्पत्ती बसवून अर्थ काढावा, की म्लेंच्छ तो शब्द ज्या अर्थाने वापरतात तोच घ्यावा? निर्णय असा की, जे शब्द वापरतात त्यांनाच त्यांचा अर्थ विचारावा. वेदप्रामाण्य मानणाऱ्या शास्त्राने दिलेला हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. परक्याचा शब्द शिकताना परक्याकडे शिष्य म्हणून जावे लागते. पण हाच न्याय पुढे चालवला तर आज भारतात इंग्रजी वापरणारे कोट्यवधी लोकही वापरणारेच आहेत. 'प्रीपोन' हा शब्द आपल्या कचेऱ्यांनी रूढ केला आणि आज तो ऑक्सफर्डच्या कोशात बसला आहे. म्हसवडच्या मुलाला त्याच्या म्हशीसाठी आणि भाकरीसाठी इंग्रजीत जागा हवी असेल तर ती मागण्याचा आधार शबरस्वामींकडे सापडतो.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विद्यार्थ्याला शब्द देणारा आपला शब्द देतो काय?

मला वाटते, देतो. त्याला ते ठाऊक असो वा नसो. कारण शब्दाबरोबर अपेक्षा जाते. 'प्रायव्हसी' हा शब्द घ्या. दोन खोल्यांत सात माणसे राहतात अशा चाळीतल्या मुलीला मास्तर हा शब्द शिकवतात आणि पुढे 'खासगीपणा' असा अर्थ लिहितात. तिच्या घरात ती गोष्ट नाही. मराठीत तिला सहज ओठांवर येणारे नावही नाही. शब्द मात्र आता तिच्याजवळ आहे. ज्याचे नाव कळले त्याचा अभावही कळू लागतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, तेव्हा या एका शब्दाने वहीतून घटनेपर्यंतचा प्रवास पुरा केला. चाळीतल्या मुलीला मात्र स्वतःची खोली अजून मिळायची आहे. शब्द देणाऱ्याने तिला खोली द्यावी असे कोणी म्हणणार नाही. पण आपण अर्थ सांगितला आणि मोकळे झालो असेही त्याला म्हणता यायचे नाही. त्याने तिच्या मनात एक मागणी पेरली आहे.

म्हणूनच आपण मुलांना आधी कोणते इंग्रजी देतो हे पाहण्यासारखे आहे. मराठी शाळेतले मूल बहुधा पहिले अखंड इंग्रजी वाक्य शिकते ते 'मे आय कम इन, सर?' दुसरे असते बाहेर जाण्याची परवानगी मागणारे. आत येऊ का, बाहेर जाऊ का, दोन्ही आर्जवाची. 'व्हाय?' हा शब्द यादीत वरच्या जागी बसण्यासारखा आहे, पण वर्गात तो मास्तरांच्या मालकीचा असतो. मुलाने तो उच्चारण्याचा प्रसंग क्वचितच येतो. 'मला कळले नाही', 'मला हे मान्य नाही', 'हा कागद मी घरी नेऊन वाचतो, मग सही करतो' ही वाक्ये इंग्रजीत म्हणता येण्याइतके शब्द सहज देता येतात. ते दिले नाहीत तर आपण मुलाला आज्ञा समजण्यापुरते इंग्रजी दिले असे होईल. असे इंग्रजी नोकरीला पुरते. माणसाला पुरत नाही.

मग शिक्षकाने पाळायचा शब्द कोणता? इंग्रजी आले की नोकरी लागते, असे वचन समाज देत असतो. ते पाळणे शिक्षकाच्या हाती नाही, म्हणून ते त्याने देऊही नये. त्याच्या हाती आहे ते थोडे, पण खरे. एक म्हणजे हिशेब सांगणे : हे एवढे शब्द झाले, यात तुला अमुक वाचता येईल, तमुक अजून येणार नाही. अर्ध्या जिन्याला माडी म्हणून सांगू नये. दुसरे म्हणजे दिलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटवणे. फळ्यावर एकदा लिहिलेला आणि नंतर कधीच न भेटलेला शब्द आठवड्यात पुसून जातो; तो निरनिराळ्या वाक्यांत, निरनिराळ्या शेजाऱ्यांसह अनेकदा भेटला तरच आपला होतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. वर्षे वाढली, पुस्तके वाढली. पण एकेका शब्दाच्या भेटी वाढल्या की नाही हे पाहायला हवे. नवे शब्द देत जाणे सोपे आणि दिसायला चांगले असते. जुने सांभाळणे दिसत नाही. मराठीत शब्द 'पाळावा' लागतो, आणि पाळणे म्हणजे वासराला, रोपट्याला रोज पाणी दाखवून वाढविणे हेही होते. ही भाषेची निव्वळ गंमत नसावी.

आज खिशातला फोन कोणत्याही शब्दाचा अर्थ क्षणात सांगतो. मग शब्द शिकविणाऱ्याची गरजच काय, असे कोणी विचारील. फोन अर्थ देतो. पण उद्या तू हा शब्द विसरलास का, तो तुला कुठे अडला, तुझ्या घरात त्याला जागा आहे का, हे विचारायला तो परत येत नाही. त्याने तुम्हाला शब्द दिलेला नसतो. मास्तरांनी दिलेला असतो, आणि म्हणून त्यांच्याकडून मागता येतो.

बंगालमधल्या वाटेत गळणाऱ्या मुलांसाठी वेस्ट यांनी शंभर वर्षांपूर्वी मागितली ती किंमत अजून पुरती चुकती झालेली नाही. याद्या सुधारल्या, मोजण्या अचूक झाल्या, कोश हातात आले. आठवीतून शेतावर किंवा गॅरेजात जाणाऱ्या मुलाच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मात्र दर जूनमध्ये नव्या तुकडीबरोबर वर्गात येऊन बसतो. त्याचे उत्तर यादीत नाही. ते फळ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाने, खडू हातात घेण्यापूर्वी, स्वतःशी द्यायचे आहे.